नागाच्या विषाचे थेंब वडिलांना द्यायचे का?

तुमचा प्रश्न सावकाश वाचला. नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागावा म्हणून आधी तो थोडक्यात मांडतो. वडील ५८ वर्षांचे, मोहोळ तालुक्यातले, तंबाखूचा मावा खायची जुनी सवय. डाव्या गालाच्या आत दोन महिने न भरणारी जखम, नऊ दिवसांपूर्वी आलेल्या बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे कॅन्सर. सर्जननी ऑपरेशन सांगितलंय आणि त्यात जबड्याचं थोडं हाड जाईल हे ऐकून सगळं घर हादरलंय. अशात पाहुण्यांपैकी कुणीतरी नागाच्या विषाचे थेंब देणारा माणूस आणलाय. तो पन्नास हजार मागतोय आणि मोबाईलवर व्हिडिओ दाखवतोय, की सापाच्या विषानं कॅन्सरच्या पेशी मरतात, जंतूही मरतात, आणि हे परदेशातल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलंय. यात खरं किती, असं तुम्ही विचारताय.

मी मेडिसिनचा डॉक्टर आहे, कॅन्सरचा तज्ज्ञ नाही. पण सोलापुरात सव्वीस वर्षं साप चावलेले पेशंट बघतोय. पावसाळ्यात एका रात्रीत दोन-तीन येतात. हे विष माणसाच्या अंगात शिरल्यावर काय करतं ते मी खाटेशेजारी बसून पाहिलंय, आणि त्यातून औषधं कशी निघाली हा माझा कितीतरी वर्षांचा वाचनाचा विषय आहे. त्यामुळे सरळ सांगतो. व्हिडिओत म्हटलंय ते प्रयोगशाळेपुरतं खरं आहे. थेंब मात्र देऊ नका. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे तुम्हाला नीट कळलं तर घरातल्या मोठ्यांना समजावणं सोपं जाईल. म्हणून लांबण लावतोय.

मागे मंगळवेढ्याकडची एक आजी आली होती. कडब्याची गंजी लावताना बोटाला फुरसं चावलेलं. "काडीएवढं हुतं ओ डॉक्टर," एवढंच तिचं म्हणणं. बोट सुजलं होतं, बाकी ती ठणठणीत दिसत होती. अशा वेळी आम्ही दोन मिली रक्त कोऱ्या, कोरड्या काचेच्या नळीत घेतो आणि नळी स्टँडमध्ये उभी ठेवून वीस मिनिटं तिला हातही लावत नाही. प्लॅस्टिकची नळी चालत नाही, कारण काचेच्या स्पर्शानंच रक्त गोठायला सुरुवात होते. निरोगी माणसाचं रक्त तेवढ्या वेळात खरवसासारखं घट्ट बसतं, नळी आडवी केली तरी जागचं हलत नाही. आजीची नळी मी कलती केली आणि रक्त पाण्यासारखं काठाशी आलं. ती नातवाशी बोलत बसली होती, आणि तिच्या रक्तात गोठायची ताकदच उरली नव्हती. तासाभरात हिरड्यांतून झिरपायला लागलं. अँटिव्हेनमच्या, म्हणजे विषावरच्या उताऱ्याच्या बाटल्या चढवल्या, पुन्हा पुन्हा नळी लावून बघितली, दुसऱ्या दिवशी रक्त बसलं आणि आजी घरी गेली.

आता याच फुरशाच्या विषात एकिस्टॅटिन नावाचं एक अगदी लहान प्रथिन असतं, अवघ्या ४९ अमिनो आम्लांचं. रक्तातल्या प्लेटलेट, म्हणजे गुठळी बनवणाऱ्या बारीक पेशी, एकमेकींना ज्या जागेवर धरतात त्या जागेवर ते जाऊन बसतं, त्यामुळे त्यांना एकमेकींचा हात धरता येत नाही. त्याची पकड बघून रसायनशास्त्रज्ञांनी तशीच पकड असलेला छोटा रेणू बनवला. त्याचं नाव टायरोफिबॅन. १९९८ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. त्याच वर्षी तिथल्या एका छोट्या रॅटलस्नेकच्या विषावरून बेतलेलं एप्टिफिबॅटाइडही आलं. आज हार्ट ॲटॅकच्या पेशंटची अँजिओप्लास्टी करताना रक्तवाहिनीत गुठळी दिसली की कार्डिऑलॉजिस्ट यातलं एखादं औषध शिरेतून देतात. आजीला मारू पाहणाऱ्या विषातली एक युक्ती दुसऱ्या कुणाचं हृदय वाचवते.

पण इथेच एक गोष्ट लक्षात घ्या. आजीचं रक्त न गोठण्याला मुख्य कारण एकिस्टॅटिन नव्हतं. फुरशाच्या विषात एकॅरिन नावाचा दुसरा घटक असतो. तो रक्तातली गोठण्याची यंत्रणा इतकी भडकवतो की गोठायला लागणारा सगळा माल संपून जातो. म्हणजे एकाच थेंबात एक घटक प्लेटलेटना अडवतोय, दुसरा गोठण्याचं सामान संपवतोय, तिसरा रक्तवाहिन्यांची भिंत कुरतडतोय, चौथा पेशींचं आवरण फोडतोय. विष हा एक पदार्थ नाही, डझनावारी प्रथिनांचं मिश्रण आहे. औषध निघतं ते यातला एक घटक वेगळा काढून, त्याचंही मूळ रूप बदलून. या औषधांत आख्खं विष कुठेच नाही.

ब्लडप्रेशरच्या गोळीची गोष्ट तर घरात सांगाच, कारण तुमच्या घरात नाहीतर शेजारी कुणीतरी ती घेत असणार. ब्राझीलमध्ये जराराका नावाचा साप आहे, आपल्या घोणशीच्या कुळातला. त्याच्या विषामुळे रक्तात ब्रॅडिकायनिन नावाचा, रक्तवाहिन्या सैल करणारा पदार्थ तयार होतो, हे मौरिसिओ रोशा इ सिल्व्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली शोधलं. १९६५ साली सेर्जिओ फेरेरा यांनी त्याच विषातून ब्रॅडिकायनिनचा परिणाम वाढवणारे घटक वेगळे केले. त्यातल्या टेप्रोटाइडनं माणसाचं ब्लडप्रेशर खरोखर उतरायचं, पण फक्त इंजेक्शननं. तोंडानं घ्यायच्या औषधासाठी ते कामाचं नव्हतं. मग अमेरिकेत स्क्विब कंपनीतल्या डेव्हिड कुशमन आणि मिगेल ऑन्डेटी यांनी, विषातला तुकडा शरीरातल्या एन्झाइमवर नेमका कुठे बसतो याचा अभ्यास केला आणि तिथे बसेल असा लहानसा रेणू प्रयोगशाळेत घडवला. ते कॅप्टोप्रिल. १९८१ साली त्याला मान्यता मिळाली. आज सर्रास दिली जाणारी एनालाप्रिल, रॅमिप्रिल त्याच घराण्यातली. या गोळ्यांत विषाचा कणही नसतो. आणि १९४९ पासून १९८१ पर्यंत बत्तीस वर्षं गेली, तीही ब्लडप्रेशरसारख्या, पट्टा बांधून मोजता येणाऱ्या गोष्टीसाठी.

आता कॅन्सरकडे येतो. ही कल्पना नवी नाही. १९३३ साली फ्रान्समध्ये आल्बेर काल्मेत यांनी उंदरांच्या कॅन्सरवर नागाचं विष वापरून पाहिलं होतं. सर्पविषावरचं अँटिव्हेनम पहिल्यांदा तयार करणाऱ्यांपैकी हे एक. क्षयावरच्या बीसीजी लशीतला 'सी' म्हणजेही हेच काल्मेत, आणि मूत्राशयाच्या कॅन्सरवर आज बीसीजी खरोखर वापरतात. म्हणजे त्याच माणसाची एक गोष्ट कॅन्सरच्या उपचारात आली, विषाची मात्र नव्वद वर्षं झाली तरी आलेली नाही. का आली नाही, तेच समजून घ्यायचंय.

काचेच्या ताटलीत वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशींवर विष टाकलं की त्या मरतात, हे खरं. त्यामागे चांगली कारणंही आहेत. निरोगी पेशीच्या आवरणात चरबीचे काही रेणू आतल्या बाजूला राहतात, कॅन्सरच्या पेशीत ते बाहेर आलेले असतात. त्यामुळे तिच्या पृष्ठभागावर ऋण भार थोडा जास्त असतो. नागाच्या विषातले सायटोटॉक्सिन, म्हणजे पेशी मारणारे घटक, धन भाराचे, म्हणून ते तिथे जास्त चिकटतात. कोलकाता विद्यापीठातल्या संशोधकांनी नाग आणि घोणस या दोघांच्याही विषातून असे घटक वेगळे करून पेशींवर आणि उंदरांवर तपासले आहेत. चांगलं काम आहे, आणि आपल्या सापांवर आपल्याकडे होतंय याचा मला आनंद आहे. पण कॅन्सरची पेशी आणि निरोगी पेशी यांच्यातला हा फरक एकोणीस-वीसचा आहे. पंढरपूरकडच्या एका तरुणाच्या घोट्याला नाग चावला होता. श्वास वाचवता आला, पण चौथ्या दिवशी घोट्याभोवतीची कातडी काळी पडून सुटायला लागली. सर्जननी ती काढून मांडीची कातडी लावली. त्या मेलेल्या कातडीत कॅन्सरची एकही पेशी नव्हती. ताटलीत शेजारी निरोगी माणूस नसतो, अंगात असतो.

दुसरी वाट जास्त हुशारीची आहे. गाठ वाढायला तिला नव्या रक्तवाहिन्या लागतात, आणि त्या वाहिन्यांच्या पेशींवर प्लेटलेटसारखीच धरायची जागा असते. अमेरिकेतल्या कॉपरहेड सापाच्या विषातलं कॉन्टॉर्ट्रोस्टॅटिन त्या जागेवर बसतं. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या विद्यापीठात फ्रान्सिस मार्कलँड यांच्या गटानं त्यानं उंदरांमधली स्तनाच्या कॅन्सरची वाढ मंदावते असं दाखवलं. पेशींना मारायचं नाही, रसद तोडायची. मला स्वतःला ही कल्पना फार आवडते. पण साधारण हीच जागा धरणारं सिलेंगिटाइड नावाचं औषध, विषातून नव्हे तर प्रयोगशाळेत घडवलेलं, मेंदूच्या कॅन्सरच्या मोठ्या चाचणीत उतरलं, आणि २०१४ साली निकाल आला की त्यानं रुग्णांचं आयुष्य वाढलं नाही. उंदरापासून माणसापर्यंतचा रस्ता असा असतो.

माणसावर थेट प्रयोग झालाच नाही असंही नाही. दक्षिण अमेरिकेतल्या रॅटलस्नेकच्या विषातलं क्रोटॉक्सिन, पुढच्या टप्प्यातल्या कॅन्सरच्या २३ रुग्णांना इंजेक्शननं दिलं गेलं. तो अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. किती डोस झेपतो हे पाहणारी ती पहिल्या टप्प्याची चाचणी होती. काहींची गाठ लहान झाली. पण बऱ्याच जणांच्या डोळ्यांच्या स्नायूंवर परिणाम होऊन त्यांना एकाचे दोन दिसायला लागले. मण्यार चावलेले पेशंट पहाटे येतात तेव्हा पहिली तक्रार हीच असते, "दोन-दोन दिसतंय." त्यानंतर इतकी वर्षं गेली, क्रोटॉक्सिन कॅन्सरचं मान्य औषध झालेलं नाही. सापाच्या विषातून निघालेलं, कॅन्सरवर मान्यता मिळालेलं एकही औषध आज बाजारात नाही.

जंतूंचं विचारलंत, कारण तो माणूस म्हणतोय की जखमेतला पूही जाईल. पुष्कळ सापांच्या विषाला पिवळी छटा असते, ती एका एन्झाइममुळे. त्याचं नाव एल-अमिनो ॲसिड ऑक्सिडेज. ते काम करताना हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं, आणि त्यानं जंतू मरतात. तसंच पट्टेरी मण्यारीच्या विषग्रंथीतून २००८ साली चीनमधल्या संशोधकांनी कॅथेलिसिडिन जातीचं पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा लहानसा तुकडा, शोधलं. नेहमीच्या अँटिबायोटिकला दाद न देणाऱ्या काही जंतूंवरही ते चालतं. हा घटक खरं तर विषाचा नाहीच, सापाच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीचा आहे. वॉर्डात कल्चरचे रिपोर्ट येतात तेव्हा औषधांच्या नावांपुढे 'आर', 'आर', 'आर' अशी रांग दिसते. आर म्हणजे रेझिस्टंट, हे औषध चालणार नाही. तो कागद हातात घेऊन उभं राहिलेल्या डॉक्टरला या संशोधनाचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही. कॅन्सरपेक्षा मला इथे लवकर काहीतरी हाती लागेल असं वाटतं, कारण जखमेवर वरून लावायचं औषध रक्तातून सगळ्या अंगात फिरवावं लागत नाही. पण तेही शुद्ध केलेल्या एका घटकाबद्दल बोलतोय. आख्ख्या विषानं जंतू आवरले असते तर सर्पदंशाची जखम कधी पिकलीच नसती. ती पिकते. विषानं मेलेलं मांस म्हणजे जंतूंना आयतं खाद्य, आणि अँटिव्हेनमनंतर आठवडाभर आमची लढाई बहुतेक त्याच पूशी चालते.

आता त्या बाटलीबद्दल. तिच्यात खरंच नागाचं विष आहे असं क्षणभर धरून चालू. विष म्हणजे प्रथिन. गिळलं तर डाळीसारखं पचून जाणार, गाठीपर्यंत काहीही पोचणार नाही. पण तुमच्या वडिलांच्या गालात उघडी जखम आहे. धडधाकट तोंडातून विष सहसा रक्तात जात नाही, जखमेतून जाऊ शकतं. म्हणजे उपयोग नाही, धोका मात्र आहे. शिवाय डोस कुणी ठरवला? एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशानुसार, वयानुसार बदलतं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत कार्तिक सुनगर यांच्या गटानं भारतातल्या सापांबद्दल हे सविस्तर दाखवलंय. आपल्या अँटिव्हेनमसाठी विष प्रामुख्यानं चेन्नईजवळच्या इरुळा लोकांच्या सहकारी संस्थेतून येतं. १९७८ साली सुरू झालेली ती संस्था सरकारी परवान्यानं काम करते. तिथलं विष घेऊन बनवलेलं अँटिव्हेनमही सगळ्या भागांत सारखं लागू पडत नाही, इतका फरक पडतो. मग गावात बाटलीतून मिळणाऱ्या थेंबाचा डोस कोण सांगणार? आणि परवान्याशिवाय नाग पकडून विष काढणं, विकणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. करमाळ्याकडच्या नागोबाच्या शेटफळात लोक नागाला घरात येऊ देतात आणि त्याला हात लावत नाहीत. त्याच जिल्ह्यात त्याचं विष काढून विकणारा माणूस फिरतोय, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

घरातले कुणी म्हणतील की आयुर्वेदातही सर्पविष आहे. आहे. सूचिकाभरण रसात ते येतं. पण नावच सांगतं, सुईच्या टोकावर मावेल एवढी मात्रा, आणि तीही सन्निपातात शुद्ध हरपलेल्या रोग्यासाठी. गालातल्या गाठीवर महिनाभर थेंब घेण्याशी त्याचा संबंध नाही.

इथपर्यंतचं थोडक्यात असं, की विषातल्या एकेका घटकावरून चांगली औषधं निघाली, ती मुख्यतः रक्ताची आणि ब्लडप्रेशरची. कॅन्सर आणि जंतूंवरचं काम खरं आहे, पण प्रयोगशाळेत आहे. तुमच्या वडिलांना या महिन्यात उपयोगी पडेल असं त्यात काही नाही.

मला वाटतं, तुमचा खरा प्रश्न विषाचा नाहीच. खरा प्रश्न जबड्याचा आहे. वडिलांचा चेहरा कसा दिसेल, ते जेवतील कसे, बोलतील कसे, ही भीती आहे, म्हणून थेंब हवेसे वाटतात. ती भीती मी समजू शकतो. पण ती सर्जनपुढे बोलून दाखवा. हाड जातं तेव्हा बऱ्याच वेळा पायातलं नडगीशेजारचं बारीक हाड, त्याच्या रक्तवाहिन्यांसकट घेऊन जबडा पुन्हा उभा करतात. त्या पायावर नंतर चालता येतं. मांडीची किंवा छातीची कातडी घेऊन गाल भरतात. हे सगळ्यांना लागू पडेलच असं नाही. गाठ केवढी आहे, हाडात शिरलीय का, मानेतल्या गाठींत पोचलीय का, तोंड किती उघडतं, वडिलांना शुगर आहे का, हृदय कसं आहे, यावर सगळं ठरेल, आणि ते इथून मला सांगता येणार नाही. सीटी स्कॅन किंवा एमआरआय बघून, तोंडात बोट घालून तपासूनच ते ठरतं. एवढं नक्की सांगतो, की गालाचा कॅन्सर मानेत उतरायच्या आत काढणं आणि उतरल्यावर काढणं ही दोन वेगळी ऑपरेशनं आहेत. थेंबांच्या नादात दोन महिने गेले तर पैशांपेक्षा हे नुकसान मोठं.

दुसरं मत जरूर घ्या, तो तुमचा हक्क आहे. त्यासाठी मुंबई गाठायलाच हवी असं नाही. बार्शीला नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे. ग्रामीण भागातल्या कॅन्सरच्या नोंदी ठेवायला देशात पहिल्यांदा १९८७ साली बार्शीतूनच सुरुवात झाली. आपल्या भागातल्या माणसाला कोणता कॅन्सर होतो आणि तो किती उशिरा दवाखान्यात येतो, हे तिथल्या लोकांनी गावोगाव फिरून नोंदवलंय. जाताना बायोप्सीचा रिपोर्ट, जमलं तर त्याच्या स्लाइड आणि ब्लॉक, आधीचे सगळे स्कॅन, रेशन कार्ड आणि आधार कार्ड बरोबर ठेवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरची ऑपरेशनं येतात, तिथल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी भेटा. पन्नास हजार आहेत म्हणता, तर ते ऑपरेशननंतरच्या जाण्यायेण्याला आणि वडिलांच्या दूध-अंड्याला ठेवा. आणि मावा आजपासून बंद. ऑपरेशनच्या आधी तो सुटला तर जखम भरायलाही मदत होते.

शेवटचं, आणि हे आज रात्रीच बघा. तुम्ही लिहिलंय की बाटली घरात येऊन पडलीय, पण कुणी थेंब दिले का ते लिहिलं नाही. आईला, काकांना स्पष्ट विचारा, रागावू नका, नाहीतर कुणी खरं सांगणार नाही. दिले असतील तर पापण्या जड होतायत का, एकाचे दोन दिसतंय का, गिळायला त्रास होतोय का, हिरड्यांतून रक्त येतंय का, लघवी लाल होतेय का ते बघा. यातलं एकही असेल तर सकाळची वाट न बघता बाटलीसकट सिव्हिलच्या कॅज्युअल्टीत या आणि काय दिलं, किती वाजता दिलं ते आल्याआल्या सांगा. काहीच त्रास नसेल तरी ते थेंब पुन्हा देऊ नका, आणि बार्शीच्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत ही गोष्ट सांगा.